रोमचे खांब, जेसल पार्क

जेसल पार्क, भाईंदर पूर्व
रविवार

ती. आशाताईस,

धाकट्या काशीनाथचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनातच वाकलोय). तुझा गुडघा कसा आहे? आम्ही दोघं बरी आहोत; बिल्डिंग बरी नाही.

रिटायर झालो तेव्हा ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी मला एक चित्र दिलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेषा ओढून, तो तेजाबात बुडवून कागदावर घेतलेला छाप. प्राचीन रोमचे अवशेष: अर्धी कमान, छत नसलेले तीन खांब, खाली चरणाऱ्या शेळ्या. ड्राफ्ट्समन म्हणून तीस वर्षं मी उभ्या राहणाऱ्या इमारतीच काढल्या. पडलेली इमारत इतक्या मायेने कोणी काढलेली पहिल्यांदाच पाहिली. म्हणून हॉलमध्ये लावली. सुचेता तेव्हापासून म्हणतेय, "पडक्या घराचं चित्र राहत्या घरात नको." मी हसायचो.

गेल्या महिन्यात बिल्डिंग तपासायला इंजिनीअर आला. त्याने कॉलमवर हातोडी मारली, तर प्लास्टरचा पोपडा थेट त्याच्याच चहात पडला. मग चित्राकडे बघून म्हणाला, "काका, हे खांब तुमच्यापेक्षा बऱ्या कंडिशनमध्ये आहेत." (तुमच्यापेक्षा म्हणजे बिल्डिंगपेक्षा, असं मी धरून चाललोय.) आठवड्यात नोटीस लागली: इमारत अतिधोकादायक, महिनाअखेर रिकामी करा.

सगळा मजला माझ्यावर उलटला. सेक्रेटरी गुणवंतभाई दारात येऊन म्हणाले, "काशीनाथभाई, पहले ये खंडहर निकालो." जसं काही रोम उतरवलं की आमचे कॉलम सरळ होतील! तरी शेजाऱ्यांचं मन राखायला मी चित्र रिक्षात घालून काशीमीऱ्याच्या भंगारवाल्याकडे नेलं. त्याने फ्रेम घेतली, काच घेतली आणि छाप माझ्या हातात ठेवला. "इसका क्या करूँ, अंकल? सब टूटा हुआ है." मी त्याला समजवायला गेलो की अरे, तेच तर... आणि ताई, ट्रकांच्या त्या गोंगाटात उभ्या उभ्या मला रडू आलं. तो बिचारा घाबरून फ्रेमही परत द्यायला लागला.

घरी सुचेता भांडी खोक्यात भरत होती. तिने माझ्या हातातला कागद घेतला, तिच्या रेशमी साडीच्या घडीत सपाट ठेवला आणि म्हणाली, "आपलं घर पाडायच्या आधी तेही काढून ठेवा ना. तुम्हाला येतं की." दोन दिवस बसून मी हॉल काढला, भिंतीवरच्या ओलीसकट. ओल जरा जास्तच सुंदर आलीय.

तुझा
काशीनाथ

ता. क. मूळ गोष्ट राहिलीच. पुण्याला परागच्या फ्लॅटमध्ये एकाचीच सोय होते, आणि बाळाला सांभाळायला त्याला आणि सूनबाईला आई हवी आहे. वर्षभर मला तुझ्या पडवीत जागा देशील? मी कमी जेवतो. सुचेताला अजून सांगितलेलं नाही.

आणखी ता. क. वन्सं, हे मी, सुचेता लिहितेय. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, पाकीट उघडं होतं. हे मुळीच कमी जेवत नाहीत. परागला मी आताच फोन करून नाही म्हटलं. पडवीत दोन गाद्या घाला.