नवमीचा घास

प्रिय यशू,

फोन करायचा सोडून बाबा पत्र कशाला लिहितात, असं म्हणशील. फोनवर तू "हं", "बरं आहे", "जेवले" एवढंच बोलतेस, आणि मला तर फोन कानाला लावला की हवापाण्यापलीकडे काही सुचत नाही. परवा मी तुला गोदावरीला पाणी किती आलंय ते सांगत बसलो. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, मग उतरलं, मग पुन्हा वरच्या धरणातून सोडलं. फोन ठेवल्यावर वाटलं, पोरीला विचारायचं होतं काय आणि सांगितलं काय. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. राजू रिक्षावाला थोड्या वेळाने देवळाली कॅम्पला भाडं घेऊन निघेल, त्याच्या हाती डबा आणि हे पत्र पाठवतो. आधी डबा उघड, वडे मऊ पडायच्या आत. पत्राला घाई नाही.

पितृपक्ष म्हणजे आम्हा घाटावरच्यांचा सुगीचा काळ, हे मी नेहमी म्हणतो आणि तू नेहमी मला गप्प करतेस. यंदा गर्दी फारच आहे. सकाळी रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते आणि कावळ्यांची तर चंगळ. इतके पिंड, इतका भात, की भाद्रपदातल्या कावळ्याला खाण्याचा कंटाळा येतो. माझ्या शेजारीच विधी सांगणारे जीवन गुरुजी रोज तुझी चौकशी करतात. "यशश्रीची मेडिकलची यादी कधी?" असं एकदा नाही, दोन यजमानांच्या मधे मधे चारदा विचारतात. मला आता सगळं पाठ झालंय. पहिली फेरी म्हणजे काही शेवट नाही, वरच्या नंबरातली मुलं दुसऱ्या राज्यात जातात, जागा सुटतात, दुसऱ्या फेरीत कटऑफ खाली येतो. संकल्प सांगावा तसा मी हे सगळ्यांना सांगतो. सांगता सांगता माझा विश्वास बसतो, आणि घरी आलो की उडतो.

पहिली यादी लागली त्या संध्याकाळचं मी विसरायचं म्हणतो, पण घर छोटं आहे, विसरायला जागा नाही. तू ते पान पुन्हा पुन्हा उघडत होतीस, जणू चौथ्या वेळी नाव उगवेल. समोरच्या हर्षालीचं धुळ्याला झालं होतं. तिची आई पेढे घेऊन आली आणि दारातच अडखळली, आत यावं की परत जावं तिला कळेना. तू उठलीस, हसून पेढा घेतलास, हर्षालीला फोन केलास, चांगलं बोललीस. मग न्हाणीघरात गेलीस आणि नळ सोडलास. बादली कधीच भरून वाहायला लागली होती. मी बाहेर उभा होतो, पण हाक मारली नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. काय झालं, किती कमी पडले, आयुर्वेदाचं का नाही भरलं, अजून एक वर्ष बसवा. चौथ्या दिवशी तू बॅग भरलीस आणि आत्याकडे निघालीस. तिथे तोफांच्या सरावाचे आवाज असतात, त्यामुळे कुणी काही विचारलं तरी ऐकू येत नाही, असं तू म्हणालीस. मी हसलो, पण ते हसण्यासारखं नव्हतं.

आत्यावर रागावू नकोस. तिचा जीव तुझ्यात आहे, अक्कल जरा इकडेतिकडे असते. त्या आधीच्या गुणवत्ता यादीच्या वेळी तिने घातलेला घोळ आठवतो ना? अर्ज भरलेल्या सगळ्यांचीच नावं नंबराने त्या यादीत असतात, हे तिला काय ठाऊक. नाव दिसलं, झालं, आत्याने अख्ख्या कॅम्पात पेढे वाटले. मिलिटरीतल्या दोन बायकांनी तर तुला डॉक्टरसाहेब म्हणून ओवाळायचं ठरवलं होतं. तू तिला समजावलंस, आत्या, यात सगळ्यांचीच नावं असतात गं. तर म्हणाली, "असू देत, तुझं आहे ना?" त्या दिवशी तू पोट धरधरून हसलीस. त्यानंतर तुला तसं हसताना मी पाहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात घाटावर एक घडलं, तेव्हापासून मला झोप नाही. पेठकडची माणसं होती, चतुराबाई नावाच्या म्हातारीचा दहावा. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले, आणि कावळा काही शिवेना. नेहमीप्रमाणे बोलणी सुरू झाली. मुलगा म्हणाला, "आये, शेळ्या विकणार नाय." सून म्हणाली, "तुझी गोधडी कुणाला देत नाय." कावळे कठड्यावर बसून बघत होते. मग एका काकाने सात-आठ वर्षांच्या नातीला पुढे ढकललं. "म्हातारीचं हिच्यावर लय ध्यान व्हतं. बोल गं, आज्जी, मी शिकून कलेक्टर होईन. बोल मोठ्यानं." पोरीने माझ्याकडे बघितलं. तिला कलेक्टर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण सगळी मोठी माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत एवढं कळलं होतं. यशू, आजवर मी यजमानांच्या मधे कधी पडलेलो नाही. त्या दिवशी पडलो. म्हटलं, पोरीकडून काही वदवून घ्यायचं नाही. काका भडकले, "मग कावळा कसा शिवायचा गुरुजी?" मी दर्भ घेतला, त्याचा कावळा केला आणि पिंडाला लावला. म्हटलं, झालं, शिवला. त्यांना ते पटलं नाही, कुरकुरत गेले. पण शास्त्रात ती सोय आहेच. ज्यांनी हे सगळं लिहून ठेवलं त्यांनाही ठाऊक असणार की कावळ्याची वाट किती बघायची, याला कुठेतरी हद्द हवी. नाहीतर माणसं घाटावरच बसून राहतील.

मी कुठल्या दिवसाकडे येतोय ते तुला कळलं असेल. तुझी आई गेली तेव्हा तू आठवीत होतीस. तिच्या, उत्तराच्या, दहाव्याला मी पहिल्यांदा यजमानाच्या पाटावर बसलो आणि मंत्र जीवन गुरुजींनी सांगितले. ज्या पायऱ्यांवर मी शेकडो लोकांना "धीर धरा, येईल" म्हटलं, तिथेच मी मान वर करून आभाळाकडे बघत होतो आणि माझा धीर सुटत होता. कावळा येत नव्हता. मामा म्हणाला, यशूकडे आम्ही बघू. आत्या म्हणाली, दादाच्या जेवणाचं मी बघते. मी म्हटलं, तुझी तुळस वाळू देणार नाही. काही नाही. बायका कुजबुजायला लागल्या, काविळीत हयगय झाली, वेळेवर डॉक्टर मिळाला असता तर वाचली असती, तेच मनात राहिलं असेल. ते तू ऐकलंस. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. तू आपली आपण पुढे आलीस, हात जोडलेस आणि म्हणालीस, "आई, मी डॉक्टर होईन." आणि कावळा उतरला.

सगळ्यांनी हात जोडले. मामा रडला, मीही रडलो. त्यानंतर कुणी तुला विचारलंच नाही, तुला काय व्हायचंय म्हणून. कशाला विचारायचं, उत्तर तर साऱ्या पंचवटीने ऐकलं होतं. दहावीला तुला गणितात इतके मार्क पडले की सरांनी घरी येऊन सांगितलं, हिला गणित सोडू देऊ नका. अकरावीला तू गणित सोडलंस. बाकीची जुनी पुस्तकं रद्दीत गेली, गणिताची मात्र तू नवीन कव्हर घालून माळ्यावर ठेवलीस. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं तेव्हा तू रडली नाहीस, लगेच पुन्हा क्लास लावलास. लोक म्हणाले, केवढी जिद्द. मलाही अभिमान वाटायचा. पण यंदा त्या पेठच्या पोरीने माझ्याकडे बघितलं ना, तसं बघणारं कुणीतरी मी आधीही पाहिलंय, असं वाटलं. न्हाणीघरातून बाहेर आल्यावर तू देव्हाऱ्याकडे गेली नाहीस, आईच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिलीस. माफी मागायला उभं राहावं तशी.

तुझी आई कशी होती, हे तुला पुरतं आठवत नसेल, म्हणून सांगतो. तिने कधी कुणाकडून कबुली घेतली नाही. मी म्हणायचो, लवकर येतो, तर ती म्हणायची, जमेल तसे या. शेवटच्या दिवसांत अंग हळदीसारखं झालं होतं, तेव्हा एकदा तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता तुझ्याबद्दल काहीतरी सांगणार. तर म्हणाली, "यशूच्या डब्यात रोज बटाटा देऊ नका, तिला आवडत नाही, पण ती बोलत नाही." बस. डॉक्टर नाही, इंजिनियर नाही, बटाटा. तेव्हा मला त्याचं हसूच आलं होतं. आता वाटतं, तिला तुझ्याबद्दल जे ठाऊक होतं ते तेवढ्यात आलं. आवडत नाही, पण बोलत नाही.

कावळा खोटा, असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर माझं घर चाललंय आणि माझी श्रद्धाही आहे. मेलेली माणसं काही सांगतात की नाही, ते मला माहीत नाही. तेराव्या वर्षी आई गेलेल्या पोरीने तिथे उभं राहून जे म्हटलं, ते आईला थांबवण्यासाठी म्हटलं, एवढं मात्र मला माहीत आहे. ती कबुली नव्हती, ती हाक होती. पहिल्या यादीत नाव आलं नाही तेव्हा तुला कॉलेजाने नाकारलं, असं वाटलं नसणार. तुला वाटलं असणार, आईला दिलेला शब्द मोडला. आपल्या घरात हे कुणी तोंडाने बोललं नाही. मीच पहिल्यांदा लिहितोय.

आज अविधवा नवमी. घाटावरची कामं जीवन गुरुजींवर सोपवून आज मी घरी राहिलो आणि तुझ्या आईचं श्राद्ध केलं. भाजणीचे वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं माझ्या हातचं. सवाष्ण म्हणून हर्षालीची आई आली होती, तिने कढीला फोडणी दिली, नाहीतर तीही माझ्याच हातची असती. मग पान घेऊन मी एकटाच गच्चीवर गेलो. कठड्यावर घास ठेवला, पाणी फिरवलं आणि तिच्याशी बोललो. तिच्याशी मोठ्याने बोलायची सवय मोडली होती, शेजारची गच्ची रिकामी आहे ना ते आधी बघितलं. म्हटलं, "उत्तरा, तेव्हा पोरगी लहान होती. तिने दिलेला शब्द मी बाप म्हणून परत मागतोय. तुला काही हवं असेल तर माझ्याकडे माग, तिला मोकळं कर." मग मागे सरकलो आणि हात जोडून उभा राहिलो.

आता तू विचारशील, कावळा आला का? ते मी तुला सांगणार नाही. आत्याला विचारायला लावलंस तरी नाही. आला म्हटलं तर तू त्याच्या भरवशावर सगळं सोडशील, नाही आला म्हटलं तर त्याच्या धाकाने अजून एक वर्ष क्लासला बसशील. तुझं आयुष्य एकदा कावळ्याच्या चोचीवर ठरलं, तेवढं पुरे झालं. दुसरी यादी सोमवारी लागेल. नाव आलं आणि मनापासून जावंसं वाटलं, तर जा, पेढे मी वाटतो, यादी नीट वाचून. नाव आलं आणि जावंसं वाटलं नाही, तरी घरी ये. नाव आलं नाही, तरी घरी ये. माळ्यावरची ती पुस्तकं मी काढून, पुसून तुझ्या टेबलावर ठेवली आहेत. काही म्हणायचं नाही, नुसती ठेवली आहेत. डब्यात बटाटा नाही. आणि डबा राजूकडे परत देऊ नकोस, तो तू घेऊन ये.

तुझाच, तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा