अख्ख्या बोटीचा फोटो

प्रिय बावो,

स्ताफकाकांनी तो फोटो दुसऱ्यांदा का पाठवला? महिना झाला, मी स्वतःला हेच विचारते आहे. तुझ्याकडेही उत्तर नसणार. तरी विचारायला दुसरं कोणी नाही. हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातले निदान दोघंजण वाचतील, हे ठाऊक आहे. वाचू देत.

आमच्या मंडळींनी मला स्ताफकाकांवर चार शब्द लिहायला सांगितलंय. म्हणजे संकेतस्थळावर बोटींचे फोटो टाकणारी अकरा हजार माणसं, बेर्गेनपासून वाल्पाराइसोपर्यंतची. त्यातल्या बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण रोज सकाळी चहा-कॉफीबरोबर त्यांचा फोटो आधी उघडायचे. चाळीस वर्षं जहाजांवर वायरमन म्हणून फिरलेला माणूस. अलंगच्या किनाऱ्यावर गॅसच्या ज्योतीनं कापल्या जाणाऱ्या तेलवाहू बोटीचा त्यांचा फोटो तू माझ्या भिंतीवर पाहिला आहेस. पोलाद फाटून लोंबतं आहे आणि खाली कापणाऱ्याचा एक बूट पडलाय, माणूस नाही. वाल्पाराइसोच्या धक्क्यावर शिपायांनी लाठ्यांनी मारून त्यांचे दोन दात पाडले होते. सांगताना हसायचे. “दात तिथंच राहिले, फिल्म मात्र घेऊन आलो.” त्यांना एकच गोष्ट जमत नसे, क्षितिज सरळ ठेवणं. हाम्बुर्गचा यूर्गन लिहायचा, “स्ताफ, आज समुद्र सरळ दिसतोय, तब्येत बरी आहे ना?” ते गेल्यापासून सगळे मुद्दाम वाकड्या क्षितिजाचे फोटो पाठवतात. असे फोटो नापास करायचं काम माझं. चारशे पास केले आहेत.

हे काम मी किती गंभीरपणे करायचे ते तुला माहीत आहे. भावाच्या हक्कानं तू चिडवायचास, “आमच्या बाईसाहेब बोटींची परीक्षा घेतात. बिचाऱ्या नापास झाल्या तर बुडतात का गं?” घरात पदवी घेतलेली मी पहिली. जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करून एक गोष्ट पक्की धरली होती, की जे होतं ते जसंच्या तसं ठेवायचं, कापायचं नाही. आमचा नियमही तोच, बोट पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत अख्खी दिसली पाहिजे. आठवतं, कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यात लुक नावाचा तो माणूस म्हणाला होता, “गोदी कामगाराची पोर विद्यापीठात जाऊन काय करणार, तिथल्या फरशा पुसणार?” तू शांतपणे ग्लास खाली ठेवलास आणि त्याचं नाक फोडलंस. तो पडल्यावरही तू थांबला नाहीस. तिघांनी मिळून तुला ओढलं. घरी येताना तुझ्या बोटांची सालं निघाली होती आणि मी रुमाल ओला करून ती पुसत होते. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू.

त्या मंगळवारी स्ताफकाकांनी एका मालवाहू बोटीचा फोटो पाठवला. मागचा भाग कापलेला. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. मी नापास केला. त्यांनी लिहिलं, “पोरी, हा एक असाच राहू दे.” मी काय करावं? सत्तर वर्षांच्या माणसाला मी सत्यावर पानभर व्याख्यान पाठवलं. फोटो कापणं म्हणजे खोटी साक्ष देणं, असंसुद्धा लिहिलं. दोन तासांनी अख्खा फोटो आला, खाली एवढंच: “घे. नीट बघ.”

मी नीट बघितलं, बावो. बोटीचं नाव बघितलं, नोंदणीचं बंदर बघितलं, मागच्या दोरांची बांधणी बघितली. क्षितिज मोजलं. पास केला. धक्क्यावर, मागच्या टोकापाशी, एक कंटेनर उघडा होता आणि तिथं तीन माणसं होती. आम्ही लोक बोटी बघतो. माणसं आम्हाला दिसतच नाहीत.

रविवारी आईनं बिअरमध्ये शिजवलेलं मांस आणि तळलेले बटाटे केले होते. मी फोन तुझ्यापुढे सरकवला. “बघ, मी भांडून अख्खा मागवला, आठवड्यातला सर्वोत्तम ठरला.” तू फोटो बोटांनी मोठा केलास. बराच वेळ तोच घास चावत राहिलास. मग म्हणालास, “तुझ्या पदवीच्या दिवशी आपला फोटो काढणारा म्हातारा ना हा? राहतो कुठे?” तू पहिल्यांदाच माझ्या कामात रस घेत होतास. मी आनंदानं सगळं सांगितलं. बांधामागचं घर, सकाळी आठला थर्मास आणि घडीचं स्टूल घेऊन निघणं, ते कोणत्या दगडापाशी बसतात, हेसुद्धा. आई म्हणाली, “अगं, त्याला जेवू दे की.”

गुरुवारी ते बांधावर सापडले. जबडा दोन ठिकाणी मोडलेला होता. त्यांचा उजवा हात दगडावर धरून कंटेनर एकमेकांना अडकवायच्या लोखंडी लॉकनं ठेचला होता, एकेक बोट वेगळं, घाई न करता. कॅमेऱ्याची काच फोडून त्यांच्या तोंडात कोंबली होती. मी रुग्णालयात गेले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. मी विचारलं, “कोण होते?” त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मान हलवली. नाही. मला वाटलं, त्यांना ठाऊक नाही. सहाव्या दिवशी मेंदूत रक्त साकळून ते गेले.

त्याच संध्याकाळी मी त्यांचा शेवटचा फोटो पुन्हा बघायला गेले, तर तो नव्हता. माझ्या नावानं काढून टाकला होता, माझ्याच लॅपटॉपवरून, बुधवारी दुपारी. त्या दुपारी घरी फक्त तू होतास. पण फोटो काढून टाकला तरी तपासणाऱ्याच्या पेटीत आलेलं सगळं राहतं, हे तुला माहीत नव्हतं. मी तो उघडला. या वेळी बोट बघितली नाही. मधला माणूस, हातात कंटेनरमधून चोरून काढलेली बॅग, हेल्मेट मागे सरकवलेलं, चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे. माझ्या पदवीच्या दिवशी स्ताफकाका तुझ्याशी हस्तांदोलन करून, तुझ्या खांद्यावर हात टाकून “भावानं जरा हसावं” म्हणाले होते. त्यांनी तुला ओळखलं होतं. फोटो त्यांनी माझ्यासाठी कापला होता. आणि मान हलवली तीही माझ्यासाठीच.

तुला विचारलं तेव्हा तू गॅरेजमध्ये होतास. “माल काढायला लावणाऱ्या टोळीनं मला आपल्या दाराचा फोटो पाठवला होता,” तू म्हणालास. “आई दूध आत घेताना. मी काय करणार होतो?” मी विचारलं, तू मारलंस का. “मी गाडीत होतो.” मग म्हणालास, “तो फार ओरडला नाही.” मी तुझ्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. तू हात वर केला नाहीस. माझं मनगट सुजेपर्यंत मारत राहिले आणि मला ते आवडत होतं. तुला माझ्याबद्दलही एवढं माहीत असू दे.

ते तुला धमकावत होते, हे खरं आहे असं मी मानते. तू पोलिसांकडे जाऊ शकला असतास, हेही खरं. तू माझ्याकडे येऊ शकला असतास. जेवणाच्या टेबलावर माझा चेहरा समोर होता आणि तू पत्ता विचारलास.

तुझ्या वकीलबाई म्हणाल्या, तू त्यांना भेटीत एकच विचारतोस, पोलिसांना तुझं नाव कुणी दिलं. तुला वाटतं त्या टोळीतल्याच कुणी तुला विकलं. त्या संशयावरून तू कोठडीत एकाचं डोकं भिंतीवर आपटलंस, तो अजून शुद्धीवर नाही, असंही त्या म्हणाल्या. म्हणून हे पत्र. त्या माणसानं काही केलेलं नाही. आईला मी मावशीकडे नेऊन ठेवलंय, तिथला पत्ता मी कुणालाही सांगितलेला नाही, तुलाही सांगणार नाही. स्ताफकाकांना माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलीस ठाण्यात गेले. दोन्ही फोटो दिले, कापलेला आणि अख्खा. रविवारी तू काय विचारलंस आणि मी काय सांगितलं, तेही शब्दन्‌शब्द लिहून दिलं. मधला माणूस कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तुझं पूर्ण नाव मी सांगितलं, आणि खाली सही केली.

तुझीच,
मार्लीस