आमच्या दादांचा फोटो, जमालसाहेबांची भिंत

रोल्ला, शारजा
रविवार, जोहरच्या नमाजानंतर

मुनिबाआपा,

तुझ्या धाकट्या भावाचा, कमरुद्दीनचा अस्सलाम आलेकुम. इथे आम्हा तिघांची खैरियत आहे, तिथे तुझीही असावी अशी दुआ करतो. गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावतेस, की शेजारच्या हेमाच्या सासूला देऊन टाकलंस? (दिलंच असणार. मागे हेमा फोनवर मला "तेल छान आहे हो" म्हणाली, तेव्हाच मला शंका आली होती.) तुझ्या भावजयीने, सुरैय्याने सलाम सांगितला आहे.

व्हॉट्सॲप असताना हा कागदाचा खटाटोप कशाला, असं तू म्हणशील. व्हॉट्सॲपवर टाकलेलं तासाभरात घरच्या ग्रुपवर दिसतं, आणि फोन केला तर तू स्पीकरवर ठेवतेस, मग मी एक विचारतो आणि अर्धा मोहल्ला उत्तर देतो. म्हणून सुरैय्याचा भाचा वासिफ गावी येतोय त्याच्या हाती बंद पाकीट देतोय. पाकिटावर तीन चिकटपट्ट्या आहेत आणि मधल्या पट्टीवर माझी सही आहे. सही तुटलेली दिसली तर वासिफला चहा विचारू नकोस. मुलगा भला आहे, पण भल्या माणसांवरच जास्त नजर ठेवावी लागते.

तर आता ऐक. आपल्या सफासाठी दुबईतल्या देऱ्याच्या जमालसाहेबांकडून लग्नाचा पैगाम आलाय, हे तुला कळलं आहेच. मूळचे श्रीवर्धनकडचे, जहाजांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मुलगा फरदीन इंजिनिअर, नमाजी, जेवताना फोनला हात लावत नाही. (इतका चांगला मुलगा आजवर मोकळा कसा राहिला? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी पहिल्या दिवशीच सुरैय्याला म्हटलं होतं.) सफाला तो पसंत आहे. तोंडाने बोलली नाही, पण दोन महिने इस्त्री करताना गुणगुणत होती. मी विचारलं तर म्हणाली, "इट्स फाइन, अब्बा." पंचवीस वर्षांत तिने कुठल्याही गोष्टीला फाइन म्हटलेलं नाही, शारजाच्या ट्रॅफिकपासून माझ्या शर्टांपर्यंत.

मागच्या शुक्रवारी त्यांच्याकडे दावत होती. सरंग्याचं सालन अव्वल होतं. पहिला घास तोंडात घातला, मान वर केली, आणि समोरच्या भिंतीवर आपला फोटो! आपला म्हणजे आपल्या दादांचा, बाबांच्या वडिलांचा. तोच जहाजाचा डेक, तोच मधोमध सूट घातलेला आफ्रिकेतला नेता मान वर करून खदाखदा हसणारा, तोच बाजूचा गोरा कप्तान, आणि मागे पांढरे हातमोजे घालून ट्रे धरलेले आपले दादा, नेत्याच्या खांद्याआड अर्धा चेहरा लपलेले. मी बघतोय हे बघून जमालसाहेब छाती फुगवून म्हणाले, "आमचे दादा. प्राइम मिनिस्टरना चहा देताना." काटा घशात अडकला, आपा. सुरैय्याने पाठीत बुक्क्या मारल्या. मी भांडणाचा एक शब्द बोललो नाही, हात धुतले आणि घरी आलो.

आता मला सांग, आपल्या घरात तो माणूस कायम राष्ट्राध्यक्ष होता. त्यांच्याकडे पंतप्रधान कसा? मी खुबीने हा मुद्दा काढला होता, तर जमालसाहेब म्हणतात, त्या काळी पुष्कळ देशांत तोच माणूस आधी पंतप्रधान व्हायचा आणि वर्षा-दोन वर्षांत राणीचा फोटो उतरवून राष्ट्राध्यक्ष, तेव्हा दोन्ही बरोबर, हबीबी. (उत्तर तयार होतं बघ! तयार उत्तर म्हणजे आधी केलेली तयारी.) देश कुठला म्हटलं तर त्यांनाही ठाऊक नाही. आपल्यालाही नाही, ती गोष्ट वेगळी. दादा म्हणायचे, नाव सांगून काय उपयोग, त्या देशाने नंतर नावच बदललं. तेव्हा एका वर्षात तर सतरा देश आझाद झाले. बंदरात शिरताना ज्याचा झेंडा लावायचा तो परतीच्या खेपेला बदललेला, आणि नवा झेंडा जहाजावर नसला की डेकवरचे खलाशी मांडी घालून शिवायला बसायचे. हे दादा सांगायचे तेव्हा आपण पळून जायचो. आपल्याला फक्त ट्रेची गोष्ट हवी असायची. दादा काचेवर वरच्या बाजूला नखाने टकटक करून "वर बघा रे, वर" म्हणायचे, आणि आपल्याला वाटायचं म्हातारा अल्लाची करणी सांगतोय.

आठवडाभर मला झोप नाही. एक संशय असा, की त्यांनी आपला फोटो कुठूनतरी उचलला. पण त्यांचा आपल्यापेक्षा जुना दिसतो, कडा कसरीने खाल्लेल्या. दुसरा संशय कागदावरच लिहिता येतो, स्पीकरवर नाही. दादा अकरा-अकरा महिने जहाजावर असायचे. एकच माणूस दोन घरांचा दादा असेल, तर... आपा, श्रीवर्धनला त्यांचं दुसरं घर होतं का? तू शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होतीस. तसं असेल तर जमालसाहेब माझे भाऊबंद झाले, आणि उद्या बागेतल्या कलमांमध्ये वाटा मागतील. सुरैय्याकरवी मी त्यांना "विचार करून कळवतो" असा निरोप धाडला, आणि त्याचा अर्थ देऱ्यापासून दापोलीपर्यंत सगळ्यांना कळतो. वासिफ परत येईल त्या शुक्रवारपर्यंत शेवटचं उत्तर द्यायचं आहे. सफा इस्त्री करते, पण गुणगुणत नाही, आणि ते घरात फार ऐकू येतं. तेव्हा जे खरं असेल ते न लपवता कळव.

तुझा,
कमरुद्दीन

ता. क. : वरचं पत्र सुरैय्याने वाचलं, हे वाचलेलं नाही. मी भांडणाचा एक शब्द बोललो नाही, असं लिहिलंय ते खोटं. उष्ट्या हाताने उभा राहून मी जमालसाहेबांना सांगितलं, की ते आमचे दादा आहेत, आमच्याकडे त्यांच्या हातचा पुरावा आहे आणि तुम्ही खोटारडे आहात. पुरावा अर्थातच नाही. तर तुझ्याकडच्या मूळ फोटोच्या पाठीवर निळ्या शाईने, दादांच्या अक्षरासारखं, "ट्रे धरलेला मी" एवढं लिही, वरून बिनदुधाचा चहा फिरव, वाळव आणि वासिफबरोबर पाठव. सफाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. माझ्या नाकाचाही आहे.

ता. क. दुसरा (मंगळवार) : मधली पट्टी मीच फाडली, वासिफला चहा दे. काल जमालसाहेब आणि फरदीन अचानक घरी आले, फोटो काखेत. मी आधी दाराच्या भोकातून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, मग सफाने दार उघडलं. त्यांचा फोटो आणि माझ्याकडची आपल्या फोटोची प्रत टेबलावर शेजारी ठेवून पोरांनी मोबाईलवर मोठे केले. सफा म्हणाली, "अब्बा, लुक ॲट हिज नेक." ट्रेवाल्याच्या गळ्यात क्रूस होता, आपा. चांगला ठसठशीत क्रूस! जमालसाहेब मटकन बसले. मग हळूच म्हणाले, जहाजावर टेबलाची कामं गोव्याचे लोक करायचे, आपली माणसं डेकवर नाहीतर खाली इंजिनाच्या आगीत. त्यांचे दादा आगीतच होते, वर कधी आलेच नाहीत. हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. (चोराच्या मनात चांदणं! पण तेव्हा माझ्या खिशात वरचा ताजा कलम होता, म्हणून गप्प बसलो.) कप्तानाने त्या फोटोची एकेक प्रत सगळ्या खलाशांना वाटली होती. म्हणजे कोकणात अजून किती घरांत आपले दादा ट्रे घेऊन उभे असतील, अल्लाला ठाऊक.

मी विचारलं, पण खलाशांना फोटो वाटायचं कारण काय? तर जमालसाहेब हसायला लागले. त्यांच्या दादांनी सांगितलेली गोष्ट अशी, की डेकवरच्या कोणा बावळट खलाशाने घाईत नवा झेंडा शिवताना ताऱ्याला पाचाऐवजी सहा कोपरे केले. कोणाच्या लक्षात आलं नाही. तो नेता जहाजावर आला, त्याने मान वर केली आणि जो हसत सुटला तो थांबेना. सगळा डेक हसला, कप्तानसुद्धा. मग म्हणाला, आम्हीही नवेच आहोत, आमचंही असंच कुठेकुठे वाकडं होणार. आणि तो झेंडा त्याने उतरवू दिला नाही.

जमालसाहेब हसत होते. मला हसू येईना. वर बघा रे, वर. चाळीस वर्षांपूर्वीची ती टकटक मला तिथे बसल्या जागी ऐकू आली. मी म्हटलं, तो बावळट आमचा. सफा माझ्याकडे बघत राहिली. मी दोन्ही फोटो टेबलावर उगाच सरळ करत बसलो. जमालसाहेबांनी उठून मला मिठी मारली. (फार पटकन मारली, पण जाऊ दे.) मी पैगामाला होकार दिला आहे. आज सकाळी सफा माझ्या शर्टाला इस्त्री करत होती आणि आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

ता. क. तिसरा : फोटोच्या पाठीवर काही लिहू नकोस. एकच काम कर. मूळ फोटोला बाबांनी भोवती जाड पुठ्ठा लावला आहे, त्याच्या वरच्या पट्टीखाली झेंडा असणार. माझी प्रत पुठ्ठ्यासकट काढलेली, आणि जमालसाहेबांची वरून कसरीने खाल्लेली, तिच्यात ताऱ्याचे दोनच कोपरे उरलेत. पुठ्ठा सोडव आणि कोपरे मोज. चष्मा लावून मोज, हेमालाही मोजायला लाव. सहा भरले तर तिथल्या तिथे फोन कर, स्पीकरवर ठेवलास तरी चालेल, सगळा मोहल्ला ऐकू दे. पाच भरले तर पुठ्ठा होता तसा लाव आणि मला काही कळवू नकोस.