कोरा पेपर

बाबा, आज खराडीत, ऑफिसजवळच्या दवाखान्यात, माझ्या नजरेचा घेर परत तपासला. तुम्हाला काचबिंदू होता म्हणून मलाही हे चुकत नाही. वर्षातली ही तिसरी खेप, कारण आधीचे दोन अहवाल एकमेकांशी जुळेनात. यंत्राच्या पांढऱ्या घमेल्यासारख्या भागात तोंड घालायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं.

नारायण पेठेतल्या दवाखान्यात तुम्ही असेच बसायचात, मी मागे स्टुलावर. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, तपासणीलाही कडक इस्त्रीचा शर्ट. सातवीत मी एक गणित सोडून आले तेव्हा तुम्ही कडाडला होतात, "पेपर कोरा ठेवतेस? काहीतरी लिहून यायचं!" तोच नियम तुम्ही त्या यंत्राला लावलात. तुमचं बटण आपलं टकटक चालू. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, दिसलं तरच दाबा. बरेच ठिपके दिसणारच नाहीत इतके फिके असतात."

"अहो, मग विचारता कशाला?"

अहवालावर शेरा आला: भरवशाचा नाही, पुन्हा करा. नापास झाल्यासारखा तुमचा चेहरा उतरला. पुढच्या खेपेला तुम्ही दिसलं नाही तरी अंदाजानं, पण बेताबेतानं दाबलंत आणि डॉक्टर म्हणाले, "छान, स्थिर आहे. तेच थेंब चालू ठेवा." घरी मात्र ताटातली डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहायची. मी गुपचूप ताट फिरवायचे आणि तुम्ही म्हणायचात, "कोशिंबीर आत्ता वाढतेस होय?" मला कळत होतं, बाबा. तरी मी डॉक्टरांना सांगितलं नाही. तुम्ही पास झाला होतात, तो आनंद मला मोडवेना. शेवटची तीन वर्षं तुम्ही माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवायचात, त्याची मला अजून भीती वाटते.

आज घमेल्यात बराच वेळ काहीच चमकत नाही. मागच्या रिकाम्या स्टुलावर तुम्ही बसलेले आहात, अशी माझी खात्रीच होते. काहीतरी लिही, काहीतरी लिही. अंगठा आपोआप दाबला जातो.

या वेळचा अहवाल भरवशाचा निघाला. घरी जेवताना नवऱ्यानं विचारलं, "आज चटणी नको का तुला?" मी नको म्हटलं. मला ती दिसलीच नव्हती.

हे खरं तर डॉक्टरांना सांगायला हवं. सांगवत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.