अमडापूर–बुलढाणा, मंगळवार-शुक्रवार

२ सप्टें., मंगळ.
आज चिखलीच्या चौकात गाडी बंद न पाडता वळवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. बत्तीस वर्षं एस.टी.त घंटी मारली, स्टिअरिंगला हात लागला तो निवृत्तीनंतर. शेजारी भास्कर. शाळेपासूनचा दोस्त, देऊळगाव राजाच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा सर होता, आता दर मंगळ-शुक्र बुलढाण्याला डायलिसिस. (पुढे नुसतं भा. लिहीन, बोटं दुखतात.) चौक पार झाल्यावर म्हणाला, "क्लच हळू सोडत जाय बे. बैल नाई हाकलून राह्यला तू."
चार तास बाहेर बाकावर. येताना तो झोपला.

५ सप्टें., शुक्र.
पारावर पुन्हा तेच. "कंपनी देश सोडून गेली, अन् कंडक्टरनं तिची गाडी घेतली." ही अमेरिकावाली कंपनी (अ.कं.) इथला धंदा गुंडाळून गेली हे खरं. पण गाडी काय तिच्यासोबत विमानात बसून जाणार होती? मग मी हट्टाने कंपनीचा सगळा इतिहास फोनवर वाचून काढला. पारावर कोणी ऐकत नाही, म्हणून आजपासून भा.ला ऐकवायला घेतला.
हप्ता पहिला: मालक शेतकऱ्याचा पोरगा. शेतीचा कंटाळा, घड्याळं खोलायचा नाद. घरामागच्या खोलीत पहिली गाडी बनवली आणि बाहेर काढताना कळलं की दार लहान आहे. कुऱ्हाड घेऊन भिंतच फोडली.
भा. हसला. सुई टोचताना त्या सिस्टरलाही सांगत होता, दार लहान निघालं म्हणून. कितीतरी दिवसांनी त्याला असं हसताना पाहिलं.

९ सप्टें., मंगळ.
हप्ता दुसरा. मालकाच्या पहिल्या दोन कंपन्या चालल्याच नाहीत. तिसरी चालली. तिने गरिबाला परवडेल अशी गाडी काढली, एकाच काळ्या रंगात. तिकडचे शेतकरी मागचं चाक उचलून त्याला पट्टा लावायचे आणि पाणी उपसायचे, लाकडं कापायचे.
भा.: "आपल्याकडं असती तं लोकायनं हळद बी दळली असती."
म्हणाला बाकीचं शुक्रवारी सांग, एकदम संपवू नको.

१६ सप्टें., मंगळ.
आज इतिहास नाही. भा.च्या बहिणीचा फोन आला होता. कमल, लोणारला दुकान चालवते, याच्याहून नऊ वर्षांनी लहान. रक्तगट जुळतो, किडनी द्यायला तयार आहे, तिचा नवराही हो म्हणतो. त्याच्या बायकोला, प्रमिलावहिनींना, स्वतःला साखर, त्या देऊ शकत नाहीत. म्हणजे कमल हा एकच रस्ता. आणि हा नाही म्हणतो.
"तिले पाठीवर बसवून शायेत नेलं म्या. आता तिच्या पोटातून काढून घेऊ का?"
मी गाडी बाजूला घेतली आणि चांगला झापला. तो खिडकीबाहेर सोयाबीन पाहत बसला. कमलने म्हणे तीनदा विचारलं, तीनदा नाही.

२६ सप्टें., शुक्र.
हप्ते मुद्दाम लहान करतोय. आज फक्त कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याची गोष्ट. माणसाने गाडीपाशी जायचं नाही, गाडीनेच सरकत माणसापाशी यायचं, प्रत्येकाने एकच काम करायचं. ही कल्पना म्हणे खाटीकखान्यावरून सुचली. एवढ्यावर चिखली ते बुलढाणा ओढलं.
खरं कारण लिहून ठेवतो. परवा तो वहिनींना म्हणाला, "आता बस झालं, किती दिवस दुसऱ्याच्या जिवावर." इतिहास संपला तर याला गाडीत बसवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. तो डायलिसिस सोडेल याची मला फार भीती वाटते. कोणाला सांगितलं नाही.

२ ऑक्टो., गुरु.
दसरा. भा. दरवर्षी आजच्या दिवशी नागपूरला, दीक्षाभूमीवर. यंदा पहिल्यांदा घरी. सकाळी पांढरा सदरा घालून ओट्यावर बसला होता. जाऊन भेटलो. म्हणाला, "पुढच्या साली पाहू." पुढच्या साली म्हणाला, हे मी धरून ठेवलं.
मग घरी गाडीची पूजा. बॉनेटला हार, चाकाखाली लिंबू, ताटात झेंडू आणि चावी. सौ.ने ओवाळलं.

३ ऑक्टो., शुक्र.
चावी नाही.
ताटातली फुलं सौ.ने पहाटे परसातल्या खतखड्ड्यात टाकली, वरून म्हशीचं शेण. ती म्हणते, ताटात चावी ठेवली कोणी? मी ठेवली. तासभर फावड्याने उकरलं. शेण, फुलं, कांद्याची सालं. दुसरी चावी जुन्या मालकाने दिलीच नव्हती.
शेवटी एस.टी. मी ओळखीच्या कंडक्टरला सांगून भा.ला पुढची जागा मिळवून दिली, पण चिखलीला बदलताना अर्धा तास उभं राहावं लागलं. पाय सुजलेले. येताना तर त्याच्याने पायरी चढवेना, मी आणि ड्रायव्हरने धरून चढवला. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

४ ऑक्टो., शनि.
भा.चा निरोप, वहिनींकडून: मंगळवारी येत नाही. एस.टी.नेही नाही, भाड्याच्या गाडीनेही नाही.
गेलो. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी म्हणालो, चूक माझी आहे, मी मूर्खासारखी चावी ताटात ठेवली. तो: "तुही चूक नाई बे. म्या किती दिवस लोकायले उचलायले लावू?"
मी दुसरी चावी कुठे मिळेल ते विचारलं. चिखलीचे दोन्ही चावीवाले नाही म्हणाले होते. या गाडीला नुसती चावी कापून चालत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या चावीची ओळख करून द्यावी लागते, आणि अ.कं.चं शोरूम तर कधीच बंद झालं.
मग भिंतीकडे बघतच म्हणाला, "रुबिना करते."
रुबिना, देऊळगावची, याची विद्यार्थिनी. त्या बॅचला मोटार मेकॅनिकला एकटी मुलगी. आता जालना रोडला तिचं स्वतःचं दुकान आहे.
"मंग लाव फोन."
"तू लाव."
"मी कोण तिचा? तूच लाव."
फोन हातात घेऊन बसला. नोकरीभर याने कोणाकडे काही मागितलं नाही, बदलीसाठीसुद्धा शब्द टाकला नाही. वहिनींनी चहा केला, तो निवला. तेव्हा कुठे लावला.

५ ऑक्टो., रवि.
रुबिना आली. स्कूटीवर, पाठीला बॅग. आधी भा.च्या पाया पडली, मग गाडीकडे.
भा.ची खुर्ची आमच्या अंगणात, लिंबाखाली. तिने दाराच्या कुलपावरून चावी कापली. दार उघडलं. मग स्टिअरिंगखाली तिचं यंत्र जोडलं. दहा मिनिटं थांबायचं, मग ओळख बसते. बसली नाही. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा नाही. तिच्या कपाळाला घाम. "सर, मशीन नाय बोलून राह्यली."
भा. डोळे मिटून बसला होता. मला वाटलं झोपला. तर म्हणाला, "आतून टकटक आवाज येऊन राह्यला, तो ऐक. बॅटरी पडली. यानं दसऱ्याले दिवसभर दारं उघडी ठेवली असतीन, गाणे लावून."
ठेवली होती. लावली होती.
मग खुर्चीतूनच त्याचा वर्ग सुरू झाला. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणवली. वायर कुठली आधी, कुठली नंतर. मी उलटी धरली तर असा ओरडला की सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. वर्षभरात त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. रुबिना मान खाली घालून हसत होती.
दहा मिनिटं. मग तिने चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. मी, सांगायला लाज नाही, रडलो.
जेवताना रुबिनाने सांगितलं. वर्कशॉपमध्ये सरांचा नियम होता: पाना आपल्या हाताने घ्यायचा नाही, मोठ्याने मागायचा. ती लाजायची, मागत नव्हती. नुसती उभी राहायची. "एक दिवस सर म्हणाले, बेटा, जो मागत नाही त्याचं काम अडून राहतं, अन् त्याच्यापायी सगळ्या टेबलाचं. त्या दिवशी मागितला, सर. आवाज फुटत नव्हता, तरी मागितला."
भा. भाकरी मोडत राहिला. खाल्ली नाही.

७ ऑक्टो., मंगळ.
डबल बेल. निघालो. तो स्वतः येऊन गाडीत बसला.
हप्ता: म्हातारा मालक हट्टाला पेटून एकच गाडी वर्षानुवर्षं काढत राहिला, लोकांना नवी पाहिजे होती, दुसऱ्या कंपन्या पुढे गेल्या. शेवटी मान खाली घालून कारखाने बंद केले, सगळं बदललं आणि नवी गाडी काढली. मी सहज सांगत होतो. भा. म्हणाला, "मले समजून राह्यलं तू कोनाबद्दल बोलून राह्यला." मी शपथेवर सांगितलं, इतिहासच तसा आहे.

११ ऑक्टो., शनि.
कमलला भा.ने आपणहून फोन केला. वहिनींनी सांगितलं. म्हणाला, तुझी तयारी असेल तर पाहू. त्यावर ती जाम भडकली. "तीन खेपा मी विचारलं तवा नाई म्हणला. आता फोनवर पाहू? इथं ये. माह्या घरी येऊन माग. तवा देईन."
भा.ने फोन ठेवून दिला.
मला कमल आवडते.

२५ ऑक्टो., शनि.
सौ. मेथीचा वाफा करायला खत काढत होती, त्यात चावी सापडली. धुऊन, पुसून पाहिली. दार उघडतं, गाडी सुरू होत नाही. रुबिनाला फोन केला. म्हणाली, नवीची ओळख बसवताना जुनीची पुसली गेली, आता ती फक्त दाराची. पुन्हा बसवता येते, आली की बसवते.
भा.ला दाखवली. त्याने हातात घेऊन वास घेतला आणि खिशात टाकली. परत मागितली तर म्हणे, "राहू दे. आता तू किडनीचं उदाहरण देशील. गप बस."
मी देणारच होतो.

४ नोव्हें., मंगळ.
आज पकडला गेलो. मी सांगत होतो की कंपनीने मालकाच्या मुलाच्या नावाची एक गाडी काढली, ती कोणी घेतली नाही, मग काही वर्षांनी घोड्याच्या नावाची काढली, ती धो-धो खपली. भा. पटकन म्हणाला, "घोड्याच्या आधी छोटी गाडी काढली होती ना, ते कुठं गेलं?"
तुला कसं ठाऊक?
आयटीआयच्या लायब्ररीत म्हणे जाडजूड पुस्तक होतं. वीस वर्षं हाच धडा शिकवला. मुंबईत अ.कं.च्या गाड्या जोडायचे, पुढे बंद झालं, मग पुन्हा आली, पुन्हा गेली, सगळं पाठ.
मी: मग दोन महिने ऐकत काऊन बसला?
"तू रिटायर झाला अन् पारावर मुकाट बसून राहायचा. गाडीत बोलत होता. म्हणून ऐकलं."
चिखलीला गाडी थांबवली. तिथे चहा घेतला. मग त्याने विचारलं, "रविवारी काय करून राह्यला?"

९ नोव्हें., रवि.
लोणार. मेहकरवरून गेलो. भा.ने पुन्हा पांढरा सदरा घातलेला. रस्त्यात एकदाही इतिहास मागितला नाही, डाव्या हातावरची सुईची शीर झाकून बसला होता.
कमल दुकानातच होती. तागडीत साखर. भावाला पाहून उठली नाही. गिऱ्हाईक गेलं. वहिनी, मी, कमलचा नवरा, सगळे उभेच.
भा. काउंटरपाशी गेला. दोनदा घसा साफ केला. मी त्या क्षणी दुसरीकडे पाहायला हवं होतं, पण पाहिलं नाही.
"कमल," म्हणाला, "मले तुही किडनी पाह्यजे. माह्यानं हे असं नाई जमून राह्यलं. मले अजून जगायचं हाय."
एवढंच. पण मोठ्याने. शेजारच्या दुकानातल्या माणसानेही वळून पाहिलं.
कमलने तागडी खाली ठेवली. पदराने डोळे पुसले. म्हणाली, "आधी जेवून घे. नुसता सापळा झाला तुहा." मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि आजचं पाणी डॉक्टरने किती सांगितलं ते विचारून मोजून घोटभर दिलं.
तिच्या तपासण्या संभाजीनगरला, पुढच्या बुधवारपासून. जुळेल की नाही, डॉक्टरांनाही आज सांगता येत नाही. कमलचा नवरा बाहेर येऊन गाडीभोवती फिरला, टायर दाबून पाहिले. सहा जण बसतील का विचारलं. मी म्हणालो पाच, पण एस.टी.च्या हिशोबाने सात.
येताना भा.ने खिशातून ती खतातली चावी काढली आणि गाडीतूनच रुबिनाला फोन लावला. "बेटा, ही कधी बसवून देशील? मले पाह्यजे. मी चालवीन गाडी, याच्या हातात क्लचचे हाल होऊन राह्यले." तिने विचारलं असावं घाई आहे का. म्हणाला, "हाव. आहे."
मग मागे डोकं टेकून मला: "चाल, सांग बे पुढचं."
तुला सगळं पाठ आहे.
"दुसऱ्यांदा गेली इथवर. त्याच्यापुढं पुस्तकात नाई."
पुढचं मला माहीत आहे. दक्षिणेतला बंद कारखाना पुन्हा सुरू करणार म्हणतात, इंजिनं बनवायला. खरं की नाही, केव्हा, कोणाला पक्कं माहीत नाही. मी त्याला सांगितलं नाही. मंगळवारसाठी ठेवलंय.