बाटलीवरचं नाव

सोमवार, ता. ३
यांच्या मानेवरची गाठ सर्जनांनी चाचपली. बोराएवढी. म्हणाले, तुकडा काढून लॅबला पाठवू. मनात म्हटलं, पाठवा हौसेने. वाताची गाठ आहे. माझ्या आजीलाही होती, ती नव्वदीला गेली आणि तीसुद्धा पाय घसरून.
यांच्या शर्टाच्या कॉलरचं बटण लागेना. कापड आटलंय. बटण अर्धं बोट सरकवून दिलं.
संकल्प : घाबरायचं नाही. यांना घाबरू द्यायचं नाही.

बुधवार, ता. ५, दुपार
तुकडा काढला. टेबलावर चढताना हे माझा हात सोडेनात. "एकदाच ना गं?" "एकदाच." देवाला साक्षी ठेवून म्हटलं.
लॅब दुसऱ्या शहरात. दवाखान्यातला पार्सल करणारा माणूस रजेवर, म्हणून बांधाबांध आपणच करायची. नर्सने शिकवलं : झाकण घट्ट, भोवती कापूस, मग पिशवी, मग कडक खोका. बाटलीवरचं आणि अर्जावरचं नाव एकच हवं, हे दोनदा सांगितलं. मला शिकवते! लेकीला बारा वर्षं तेलाच्या बाटल्या पाठवतेय, थेंब सांडलेला नाही.

संध्याकाळ
बाटली देवापुढे ठेवली. औषधात भिजलेल्या डाळीच्या दाण्यासारखं काहीतरी तरंगतंय, आणि वर यांचं नाव, ठसठशीत. असल्या बाटलीवर कुणी आपल्या माणसाचं नाव लावतं का? देवाला सांगितलं, काय वाईट असेल ते माझ्या नावावर टाक. मग वाटलं, नुसतं तोंडी काय कामाचं, लेखी हवं. गरम पाण्याने चिठ्ठी सोडवली आणि माझ्या नावाची चिकटवली. अर्जाला हात लावला नाही. डॉक्टरांच्या कागदावर खाडाखोड करणारी मी नव्हे. मॅट्रिक झालेली आहे.

गुरुवार, ता. ६
खोका बुटांचा, दोरी मिठाईच्या पुड्याची, जपून ठेवलेली. सात गाठी मारल्या. नणंद म्हणाली, वहिनी, लॅबवाल्यांना कोयता लागेल. लागू दे.
कुरिअरवाल्याने आत काय आहे विचारलं. म्हटलं, माणूस, थोडासा. त्याने हातच मागे घेतला. लागण होण्यासारखं काही नाही, ही नर्सची चिठ्ठी दाखवली, तेव्हा दोन बोटांनी उचलून काट्यावर ठेवलं.
काम फत्ते. ही कामं बायकांनीच करावीत.

सोमवार, ता. १०
यांची पट्टी निघाली. निकाल नाही. वाईट बातमी धावत येते, म्हणजे ही चांगलीच असणार.
बटण पुन्हा सरकवलं. साबण बदलायला हवा, फार कापड आटवतो.

बुधवार, ता. १२
लॅबचा फोन. बाटलीवर बाईचं नाव, अर्जावर पुरुषाचं. तुकडा नक्की कुणाचा? म्हटलं, आमच्या यांचा, नाव तेवढं माझं. पलीकडची मुलगी म्हणाली, तोंडी सांगण्यावर तपासता येत नाही, एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर जायचं. म्हटलं, बाई, मला तेच तर हवं होतं. तिला कळलं नाही. दवाखान्याला कळवते म्हणाली.
संकल्प : यांना इतक्यात सांगायचं नाही. सर्जन काहीतरी मार्ग काढतील.

गुरुवार, ता. १३
सर्जन ओरडले असते तर बरं झालं असतं. मोजपट्टी लावून गाठ मोजली, मागच्या आकड्याखाली नवा आकडा लिहिला आणि मला दाखवलाही नाही. मला दिसली ती लिंबाएवढी. "आठ दिवस गेले," एवढंच म्हणाले. उद्या पुन्हा तुकडा काढायचा.
यांना सांगावं लागलं. जेवताना सांगितलं. रागावले नाहीत. घास तसाच ताटात ठेवला. "अगं, नाव तुझं घातलंस, पण मान माझीच होती ना?"
नणंद नेहमी टोमणा मारते. आज उठून यांचं ताट झाकून ठेवलं.

शुक्रवार, ता. १४
टेबलावर चढताना यांनी 'एकदाच ना' विचारलं नाही. हातही धरला नाही.
बाटलीवर यांचं नाव मी लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. अर्जाशी दोनदा ताडलं. नर्सने माझ्या हातून घेऊन तिसऱ्यांदा ताडलं आणि बाटली परत दिलीच नाही. पार्सल आम्हीच करू म्हणाली.

सोमवार, ता. १७
पट्टी काढली. निकाल उद्या.
बटण सरकवायला बसले. ते काठाला आलंय, पुढे कापड नाही. यांना म्हटलं, जुने शर्ट सगळे आटलेत, थांबा. कपाटातून लेकीने पाठवलेला नवा काढला. घडीही मोडलेली नव्हती, पाणी लागलेलं नव्हतं.
यांना घातला. बटण लागलं नाही.