अकरा गुण

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा वर्ग अकरा गुणांनी पुढे आहे! मनाचं सांगत नाही. संख्याशास्त्राच्या सरांनी दोनदा आकडेमोड करून आज पक्कं केलं. घरी व्हिडिओवर धडा बघायचा, शाळेत फक्त गणितं सोडवायची, या आपल्या उलट्या वर्गाने शेजारच्या नेहमीच्या तुकडीला मागे टाकलं. मार्गदर्शक बाई चक्क हसल्या. म्हणाल्या, यावर प्रबंध उभा राहतो, मार्चअखेर द्या. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली आहे, तिसरी मिळायची नाही.

चाळीस व्हिडिओ करणाऱ्या माणसाला अजून ईमेल उघडता येत नाही, म्हणून हे पत्र. वहिनीला सांग, व्हिडिओतला तुझा तो मळखाऊ स्वेटर आता संशोधनात अमर होणार.

लोभ आहेच, तो आळसाने आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकी

१८ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने पत्र मोठ्याने वाचलं. स्वेटरपाशी ती हसली. मी मात्र पत्र तिच्या हातून घेतलं आणि हे लिहायला बसलो.

प्रयोगाच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी वर्गात फळ्यावर शिकवतो आहे. तुझ्या नोंदवहीत त्या वेळेपुढे 'गटकार्य' लिहिलं.

व्हिडिओ सगळी मुलं लावतात, पण लावून जेवायला बसतात. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा? नियमाप्रमाणे मी म्हटलं, व्हिडिओ पुन्हा बघ. ती म्हणाली, चार वेळा बघितला. व्हिडिओतले सर माझ्याकडे बघतच नाहीत, मग मला कळलं नाही हे त्यांना कसं कळणार? मी खडू उचलला. दहा मिनिटांनी काय बिघडतंय, असं वाटलं. दहाची पस्तीस कधी झाली आणि त्याचं रोजचं कधी झालं, समजलं नाही.

अकरा गुण व्हिडिओचे की माझ्या बडबडीचे, देव जाणे. तुला आधीच सांगायचं होतं, धीर झाला नाही. हवं तेवढं रागाव, पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझा,
दादा

२५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र बाईंना दाखवलं. दाखवलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, हा विचार दोन दिवस पुरला, तिसऱ्या दिवशी पुरेना. त्यांनी शांतपणे वाचलं आणि निकालाच्या पानावर उभी रेघ मारली. रडायलाही आलं नाही मला.

एकच वाट उरली आहे. शेकडेवारीचा धडा तुझा शिकवायचा राहिला आहे. येत्या गुरुवारपासून सहा तास बाई स्वतः मागच्या बाकावर बसतील. ते सहा तास नियमाने झाले, तर तेवढ्यावर लहानसा का होईना, प्रबंध होईल. एक जरी चुकला, तर माझी चार वर्षं गेली. फळ्याला हात लावायचा नाही. खडूची पेटी बाई आपल्या पिशवीत ठेवणार आहेत.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला तर, असं मी विचारलं. म्हणाल्या, व्हिडिओ पुन्हा बघ म्हणायचं. मी मान डोलावली.

पण दादा, मला भागाकार तूच शिकवलास. कळेपर्यंत जेवायला उठू दिलं नव्हतंस. गुरुवारी ती हात वर करणार, आणि खडू नसला तर तू बोटाने बाकावर काढून दाखवणार.

लोभ आहेच, गुरुवारनंतरही.

ठकी